बर्बन नीट (म्हणजे नुसतीच) घ्यावी की बर्फ टाकून?

कातरवेळ: इतकी वर्षं स्कॉचच घ्यायचो, आता पहिल्यांदाच बर्बनची (मक्याची अमेरिकन व्हिस्की) बाटली आणलीय. लेबलवर ५०% अल्कोहोल लिहिलंय. काल संध्याकाळी जेवणाआधी नुसतीच घेतली तर नाकातच झणझणली राव, गोडवा बिडवा काही कळलाच नाही. माझंच काही चुकतंय का?

जुनं_पिंप: चुकत काही नाही, घाई होतेय. ५०% म्हणजे कदाचित 'बॉटल्ड इन बॉन्ड' असेल, त्याचा अमेरिकेत १८९७ चा कायदाच आहे, किमान ४ वर्षं पिंपात आणि बरोबर ५०%. ग्लासात ओतून दहा मिनिटं तशीच ठेव, मग वास घेताना तोंड किंचित उघडं ठेव आणि चमचाभर साधं पाणी घालून बघ. व्हॅनिला, कॅरमेल हळूहळू वर येतं. हे सगळं ओकच्या लाकडातून येतं बरं का, बर्बनला आतून जाळलेलं कोरं पिंपच लागतं, स्कॉचवाले बऱ्याचदा तीच वापरलेली पिंपं नेतात.

उगाच_एक: मी तर एकच मोठा खडा टाकतो, बारीक बर्फ पटकन वितळतो आणि मग नुसतं पाणी पितोय असं वाटतं 😄 आणि गोडवा हवा असेल तर गव्हाची बर्बन बघ, म्हणजे मका ५१% तरी असतोच पण राय (एक धान्य) ऐवजी गहू, मेकर्स मार्क तसली आहे.

कातरवेळ: पाण्याचा प्रकार आत्ताच केला. फरक आहे! पण एकावरच थांबलो, उद्या सकाळी लवकर उठायचंय.