रात्री पावणेएकला कपाट कोण सरकवतं?

(सोसायटी ग्रुप, ए-बी विंग, इंदूर. रविवार सकाळ)

देशपांडे काका, ए-204 (7:12): सुप्रभात. काल रात्री पावणेएकला बी विंगमधून आवाज: "वर! उजवीकडे! खाली, खाली, खाली!" मला वाटलं जिन्यावरून कोणी कपाट उतरवतंय. मग "अरे मला का मारलंस!" आणि शेवटी "लोकशाहीसाठी!" अशी घोषणा. निवडणूक नाही, सभा नाही. मी कोणाचं नाव घेत नाही.

ओंकार, बी-302 (7:40): सॉरी काका 🙏 आम्हीच होतो. हेलडायव्हर्स 2 नावाचा व्हिडिओ गेम खेळत होतो. त्यात बाणांची बटणं दाबावी लागतात. वर, उजवं, खाली, खाली, खाली केलं की पाचशे किलोचा बॉम्ब पडतो.

देशपांडे काका: कोणावर?

ओंकार: किड्यांवर.

निखिल, ए-401: आणि माझ्यावर.

जोशी काकू, खजिनदार: गणपतीच्या शिलकीतून खेळावर एक रुपया जाणार नाही. मागच्या मीटिंगलाच सांगितलंय.

पल्लवी, बी-104: काकू, पैशाचं अजून कोणी बोललंच नाही.

जोशी काकू: बोलतील. थांब.

ओंकार: काकू, आता विषय निघालाच आहे तर… क्लबहाउसमधला पीएस5 (सोनीचं प्लेस्टेशन, गेमचं मशीन) नुसता धूळ खातोय. गेम तिथे घेतला तर रात्री घरात आवाज होणार नाही. बाकी मोठे गेम 70 डॉलरला निघतात, हा 40 लाच निघालाय.

जोशी काकू: 🙂

सातपुते, ए-302: नर्मदेचं पाणी आलं का कोणाकडे?

शेखर, बी-501: नाही अजून. ओंकार, पहिला भाग खेळलायस का तू? 2015 चा. आम्ही हॉस्टेलवर खेळायचो. कॅमेरा वरून, चौघं एकाच पडद्यावर, एक जण पुढे पळाला की बाकीच्यांच्या शिव्या. दुसऱ्यात कॅमेरा थेट खांद्यामागे. पहिला म्हणजे कॅरम होता, हा म्हणजे रात्री अकराचा सराफ्यातला खाऊबाजार. कुठून कोणाचं कोपर लागेल सांगता येत नाही.

ओंकार: कोपर नाही दादा, गोळी. आपल्याच माणसाची. ते बंद करायची सोयच नाही. मजा त्यातच आहे.

निखिल: मजा तुझी. काल चार वेळा मेलो, तीन वेळा तुझ्याच हातून. किड्यांनी एकदाच मारलं.

देशपांडे काका: पण लोकशाहीचा काय संबंध?

शेखर: काका, ते व्यंग आहे. पृथ्वीचं नाव सुपर अर्थ. सगळे लोकशाहीसाठी मरायला तयार, पण मत कोणाला हे माणूस ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो.

सातपुते: म्हणजे आपली मॅनेजिंग कमिटी.

शेखर: सातपुते साहेब, मागच्या वर्षी फॉर्म भरायला आपणच आला नाहीत.

सातपुते: नोटीस लिफ्टमध्ये लावली होती. आणि लिफ्ट बंद होती. असो.

पल्लवी: नको ना सकाळी सकाळी. पोहे कोण आणतंय? 😄

निखिल: खरं सांगायचं तर पैसे घालण्याआधी विचार करा. फेब्रुवारी 2024 मध्ये आला तेव्हा सर्व्हरवर इतकी गर्दी की लोक तासन्‌तास बाहेर. कंपनीला एका वेळी साडेचार लाख खेळाडूंची मर्यादा घालावी लागली. मग मे महिन्यात सोनीने पीसीवाल्यांना पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन खातं सक्तीचं केलं. ज्या देशांत ते खातं उघडताच येत नाही, तिथले लोक अडकले. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन लाखांवर वाईट शेरे पडले, तेव्हा कुठे सोनी तीन दिवसांत मागे हटली.

ओंकार: आपल्याकडे खातं उघडतं. आपल्याला काय फरक?

निखिल: मला पडला. मग ऑगस्टमध्ये हत्यारं नरम केली. ज्या बंदुकीवर हात बसवला तिचीच हवा काढली.

ओंकार: आणि सप्टेंबरच्या अपडेटमध्ये परत दमदार केली, ते नाही सांगत. डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात इल्युमिनेट आले, किडे आणि यंत्रमानवांनंतरचा तिसरा शत्रू. त्याच सोहळ्यात बेस्ट मल्टिप्लेयरचं बक्षीस. बारा आठवड्यांत 1 कोटी 20 लाख प्रती गेल्या, उगाच?

शेखर: प्रतींचं जाऊ दे. यंत्रमानवांच्या ग्रहावर रात्री धुक्यातून लाल डोळे दिसायला लागतात, चौघांपैकी दोघांच्या गोळ्या संपलेल्या, विमान यायला एक मिनिट. असं पहिल्या भागात कधी वाटलं नाही. शिवाय सगळ्यांचं युद्ध एकच. आपण इथे जिंकलो ते जगभरच्या हिशेबात धरलं जातं. स्वीडनच्या कंपनीत जोएल नावाचा माणूस बसून ते युद्ध हलवतो.

देशपांडे काका: त्याला रात्री झोप नसते का?

जोशी काकू: गणपतीच्या शिलकीतून खेळावर एक रुपया जाणार नाही.

ओंकार: काकू, तिसऱ्यांदा 🙏

जोशी काकू: दुसऱ्यांदा. हिशेब मी ठेवते. आता मला एक सांग. क्लबहाउसमध्ये टीव्ही किती?

ओंकार: एक.

जोशी काकू: त्या एका टीव्हीवर चौघं खेळू शकतात?

ओंकार: …

शेखर: 😬 पहिल्या भागात चौघं एका पडद्यावर बसायचो. दुसऱ्यात ती सोयच काढून टाकली. प्रत्येकाला स्वतःचा टीव्ही, स्वतःचं मशीन.

जोशी काकू: म्हणजे एक खेळणार आणि तिघं बघणार. इंटरनेटशिवाय चालतो?

निखिल: नाही. शिवाय पीएस5 वर ऑनलाइनला पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीचे पैसे वेगळे.

ओंकार: निखिल, तू कोणाच्या बाजूने आहेस?

निखिल: काल तू पाठीत बॉम्ब टाकलास ना, तेव्हापासून काकूंच्या.

पल्लवी: आणि वयाचं काय? मी आत्ता बघितलं, युरोपात अठराच्या वरच्यांसाठी आहे. क्लबहाउसमध्ये आमची आर्या असते, दहा वर्षांची.

ओंकार: ताई, किडेच तर असतात.

पल्लवी: आत्ताच म्हणालास ना, आपल्याच माणसाला गोळी लागते?

सातपुते: त्यापेक्षा अनंत चतुर्दशीला मुलांना मिरवणुकीतल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, दाखवायला बस करा. मी आधीच म्हणालो होतो.

देशपांडे काका: झांक्यांना सोसायटीची बस? राजवाड्यापर्यंत पोचेल तरी का? त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते.

शेखर: ओंकार, पहिला भागच घे. पीएस4 चा आहे, आपल्या मशीनवर चालेल. स्वस्तात मिळेल आणि चौघं एकत्र बसाल.

ओंकार: दादा, दुसरा खेळल्यावर पहिला नाही होत. वरून माणसं मुंग्यांसारखी दिसतात.

देशपांडे काका: मुंग्या ओरडत नाहीत.

जोशी काकू: गणपतीच्या शिलकीतून

जोशी काकू: अर्धवट गेलं. गणपतीच्या शिलकीतून खेळावर एक रुपया जाणार नाही. पण ती चार मुलं वर्गणी काढून पहिला भाग आणणार असतील तर क्लबहाउसची किल्ली माझ्याकडे आहे. दहापर्यंत. दहा म्हणजे दहा.

निखिल: ओंकार, भिया, मी येतो. पण बॉम्ब माझ्याकडे.

ओंकार: बघू.

सातपुते (9:03): नर्मदा आली. मोटार लावा. बी विंगने दोन-दोन मोटारी लावू नयेत, हे काल रात्रीच्या लोकशाहीवाल्यांनीही वाचावं.