मदत हवी आहे: देवाची वाट पाहणं आणि नुसतं बसून राहणं यात फरक कसा सांगू?

जय ख्रिस्त. शुक्रवारी आमच्या महिला संगतीत 'देवाची वेळ' या विषयावर मला बोलायचंय आणि मी अडकलेय.

सुरुवात सोपी आहे. देवाच्या वचनावर अब्राहामाने हारान गाव सोडलं ७५व्या वर्षी, वचनाचा मुलगा इसहाक झाला १००व्या वर्षी. मधे त्याची बायको सारा हिचा धीर सुटला, मूल व्हावं म्हणून तिने आपली दासी हागार हिला नवऱ्यापुढे केलं. हागारला इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. (या घाईची झळ बसली ती त्या बिचाऱ्या दासीला, हे फारसं कुणी बोलत नाही.)

पण मग नहेम्याचं काय? तो पारसच्या राजाचा प्यालेबरदार, आणि यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधायची त्याला तळमळ. किसलेवपासून नीसानपर्यंत (हे यहुदी महिने), म्हणजे चारेक महिने तो प्रार्थना करत थांबला. तरी राजाने विचारताच त्याच्याकडे सगळं तयार होतं: मुदत, अधिकाऱ्यांसाठी पत्रं, वेशीसाठी लाकूडसुद्धा. म्हणजे बेत केलेलाच होता ना?

आमच्याकडे मुलाचं लग्न जमत नाहीये, आणि सासूबाईंच्या मते वधूवर मंडळात नाव नोंदवणं हाही अविश्वासच. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. वचनासकट कुणी समजावेल का? स्वतःचा अनुभवही चालेल. शेवट गोडच झालेला हवा असं नाही.