पोर्तो : एक दिवस पुरेल, पण धावू नका

पोर्तुगालमधल्या पोर्तोला एकच दिवस आहे, पुरेल का, असं एकाने विचारलंय. पुरेल, पण यादी घरी ठेवून या.

सकाळी साओ बेंतो स्टेशनात शिरा, गाडी पकडायची नसली तरी. भिंतींवर सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या फरशा, त्यांत लढाया, राजे, आणि वर द्राक्षांचा हंगामसुद्धा. मान दुखेपर्यंत बघा. तिथून रिबेइरापर्यंत, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीपर्यंत, उतारच उतार. दगडी फरसबंदी गुळगुळीत झालेली असते, पावसात चप्पल घालून गेलात तर आपटलातच म्हणून समजा.

1886चा, दोउरू नदीवरचा दों लुईश पूल वरच्या मजल्यावरून ओलांडा. मेट्रो अगदी शेजारून जाते. पलीकडचं गाया हे खरं तर वेगळं शहर, पण पोर्ट या गोड वाइनची पिंपं इथेच मुरतात. द्राक्षं मात्र वर दोउरूच्या खोऱ्यातली. पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून यायची. गायाचा काठ उत्तराभिमुख, म्हणून मुरायला थंडावा. द्राक्षरसाचं आंबणं अर्ध्यावर असतानाच त्यात द्राक्षाचं मद्यार्क ओततात, त्याने आंबणं थांबतं नि साखर उरते. म्हणून पोर्ट गोड, आणि चढतेही लवकर. तळघरातली चव घेऊन मग चढ चढायचा बेत आखू नका, अनुभवाचे बोल!

जाता जाता बेकरीच्या पाटीवर ‘पांव’ आणि भाजीवाल्याकडे ‘बताता’ वाचून आपला वडापाव आठवतोच. दोन्ही शब्द आपल्याकडे आले ते पोर्तुगिजांकडूनच.