अंदमानचा ग्रुप: अ‍ॅक्टिव्हिटी पुण्यातूनच बुक करायच्या की तिथे गेल्यावर?

हिशोबी_कोथरूड
दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला निघालेल्या ग्रुपच्या गळ्यात इथले बरेच एजंट हल्ली ‘वॉटर स्पोर्ट्स कॉम्बो’ मारतात. स्कुबा, सी वॉक, जेट स्की, काचेच्या तळाची बोट आणि स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) एकत्र, माणशी साडेनऊ हजारांच्या घरात. माझं मत सरळ आहे: विमान, बेटांमधली जहाजं आणि खोल्या इथूनच पक्क्या करा, पण अ‍ॅक्टिव्हिटीसाठी पुण्यात दमडीही मोजू नका.

नमुन्याला १४ जणांचा ग्रुप घेऊ. तिघे पासष्टीच्या पुढचे, दोन पोरं दहाच्या आतली. कॉम्बो घेतलं की १,३३,००० झाले. आता दहाच्या आतल्या मुलांना स्कुबा करूच देत नाहीत. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना डॉक्टरच्या सहीशिवाय कोणी पाण्यात उतरवणार नाही. उरलेल्या नऊ जणांतल्या चौघांना मुळात पाण्याखाली जायचंच नसतं, सगळे करतायत म्हणून ते मान डोलावतात. म्हणजे खरे उमेदवार पाच. ४,००० च्या दराने २०,०००. हॅवलॉक बेटाहून एलिफंट बीचची बोट ११ जणांना, १,२०० धरून १३,२००, आणि त्यातच थोडं स्नॉर्केलिंग असतं. काचेच्या तळाची बोट फक्त आजी-आजोबा आणि पोरांना, पाच जणांचे ५,०००. बेरीज ३८,२००. दर सीझनप्रमाणे हलतात, म्हणून दीडपट धरा. तरी साठ हजारांच्या आतच.

जेट स्की आणि सी वॉक मुद्दाम धरलेले नाहीत. जेट स्कीची फेरी मिनिटांत संपते, आणि एलिफंट बीचला पाण्यात तोंड घातलं की जे मासे दिसतात तेच डोक्यावर हेल्मेट चढवून बघायला वेगळे पैसे कशाला?

पेठेतला_पाहुणा
बेरीज बरोबर, गृहीतक चूक. तिथला दिवस पुण्याच्या घड्याळाने मोजलाय तुम्ही. नोव्हेंबरात अंदमानात सूर्य पाचच्या आतच मावळतो, पुण्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी. उजाडतं सव्वापाचला. एलिफंट बीचच्या बोटी सकाळी सुटतात, स्कुबाच्या चांगल्या वेळाही सकाळच्याच. हॅवलॉकला दोन मुक्काम ठेवलेत तर पूर्ण सकाळ हाताशी एकच उरते. ती जेटीवर १४ डोकी गोळा करून घासाघीस करण्यात गेली की संपलं.

बरं, एक मुक्काम वाढवू म्हणाल, तर पाच खोल्या गुणिले ४,००० म्हणजे वीस हजार गेले, जेवणखाण वेगळं. वाचवलेत किती आणि घालवलेत किती, तेही त्याच कागदावर मांडा. चौघांचं कुटुंब असेल तर तिथे जाऊन बघू म्हणणं ठीक. चौदा जणांना एकाच वेळी, एकाच बोटीत जागा हवी असते, आणि दिवाळीच्या आठवड्यात ती आयत्या वेळी मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

हिशोबी_कोथरूड
एकाच बोटीत चौदा जण हवेतच कशाला? ग्रुप फोडा की. पाच स्कुबाला, बाकीचे बोटीला, ज्येष्ठ मंडळी हॅवलॉकच्याच राधानगर बीचवर सावलीत. जेवायला एकत्र. ‘सगळे मिळून सगळं’ या हट्टापायीच तर बजेट फुगतं.

डुबकी_एरंडवणे
दोघांचंही अर्धं पटतं. स्कुबा एजंटकडूनही घेऊ नये आणि जेटीवर जाऊन तर मुळीच नाही. डायव्ह सेंटरला थेट ईमेल करा, तीन-चार आठवडे आधी, आणि लेखी उत्तर मागा: एका प्रशिक्षकामागे किती जण? नवख्यांना एकास एकच हवं. किनाऱ्यावरून चालत उतरायचं की बोटीतून? पाण्याखाली प्रत्यक्ष मिनिटं किती? जाहिरातीतल्या ‘दोन तासां’त कपडे बदलणं, सराव आणि फोटो सगळं धरलेलं असतं. पाण्याखालचा वेळ साधारण अर्धा तास. खोली जास्तीत जास्त १२ मीटर. समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस?

आरोग्याचा फॉर्म आधीच मागवून घ्या, ही तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दमा, हृदयविकार, फिट येणं, अलीकडचं ऑपरेशन, कानाचा जुना त्रास यांपैकी कशालाही ‘हो’ लिहिलं की डॉक्टरची सही लागते. वय ४५ च्या पुढे आणि जोडीला बीपी, कोलेस्टेरॉल किंवा सिगारेट असेल तरीही. ही सही पुण्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून आरामात मिळते, हॅवलॉकला सकाळी साडेसहाला कुठून आणणार? आणि खोटं ‘नाही’ लिहून पाण्यात उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. गरोदर असाल तर विषयच मिटला.

आता कॉम्बोवाल्यांची खरी खोड. हॉटेलांच्या सोयीने कार्यक्रम फिरवतात आणि स्कुबा शेवटच्या दिवसावर ढकलतात. डायव्ह आणि विमान यांच्यात किमान १८ तास हवेत, २४ असतील तर उत्तम. पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो. विमानात हवेचा दाब कमी होतो, मग त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून क्रम असा लावा: पोर्ट ब्लेअरला उतरून हॅवलॉक, तिथे दुसऱ्या दिवशी स्कुबा, मग नील बेट, मग परत पोर्ट ब्लेअर आणि तिथे एक रात्र. सर्दी असेल तर डायव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका, पाण्याखाली तिचा अंमल उतरला की कानाचा पडदा धोक्यात.

मालवणी_खाजं
मग स्कुबा मालवणला का नाही करत? पुण्याहून रात्रभराचा प्रवास, दर अंदमानच्या निम्म्याहून कमी, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्रही आहे. ज्याला पाण्याखाली भीती वाटते की नाही हेच माहीत नाही त्याने आधी इथे बघावं. अंदमानचे वीस हजार वाचले.

डुबकी_एरंडवणे
भीती तपासायला मालवण उत्तम, मान्य. पण अंदमानचा पर्याय म्हणून नाही. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ दिवाळीपर्यंत पुरता बसलेला नसतो, पुढचं दिसत नाही. शिवाय तिथली स्वस्त डुबकी बऱ्याचदा बोटीच्या कडेला धरून दहा-पंधरा मिनिटांचीच असते. अंदमानला गेलेल्याने स्कुबाच्या चार हजारांसाठी तिथलं प्रवाळ सोडून यायचं म्हणजे आंब्याच्या सीझनला रत्नागिरीत जाऊन केळी खाण्यासारखं.

मालवणी_खाजं
केळ्यांना नावं ठेवू नका. मुद्दा पैशांचा चाललाय. हॅवलॉकला मास्क-नळी लावून जेवढं दिसतं ते नवख्या माणसाला पोटभर आहे.

ओहोटी_बघून_या
पुण्यात की तिथे, या वादात कोणी कॅलेंडर उघडलं का? लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गेलात की अमावस्या आयतीच मिळते, आणि त्याने दोन गोष्टी साधतात. एक, हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाक नेतात, वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं. चांदणं असेल तर ते फारसं दिसत नाही, काळोखी रात्रच हवी. दिसेलच याची हमी मात्र कोणी देत नाही, आणि हा प्रकार स्वस्तही नाही. दोघा-तिघांनाच हौस असेल तर त्यांनीच जावं.

दुसरी गोष्ट जवळपास फुकट. नीलचा दगडी नैसर्गिक पूल, ज्याला तिथे हावडा ब्रिज म्हणतात, तो ओहोटीलाच गाठता येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल, तेव्हा खडकांतली डबकी उघडी पडतात, त्यांत समुद्रकाकड्या आणि छोटे मासे बसल्या जागी दिसतात. तळाला पकड असलेले सँडल हवेत. साध्या चपला शेवाळावर घसरतात आणि गुडघे फुटतात.

त्याच बेटावर भरतपूर बीचला स्नॉर्केलिंग करायचं असेल तर उलट भरती हवी. ओहोटीला पाणी गुडघाभर होतं, पोटाखाली प्रवाळ घासतं, तुम्हीही सोलवटता आणि तेही मोडतं. भरती-ओहोटीत सव्वासहा तासांचं अंतर असतं. ओहोटी दुपारी तीनला असेल तर सकाळी नऊच्या सुमाराला भरतपूर, मग जेवण, मग पूल, आणि अंधाराच्या आत परत. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब तिथे चालत नाही, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा. एजंटच्या कागदावर नील नेहमी ‘सकाळी पूल, दुपारी भरतपूर’ असंच छापलेलं असतं, मग समुद्र काहीही करो.

पेठेतला_पाहुणा
अमावस्येचं कौतुक पुरे. उधाणाला ओढ जोरात असते आणि पाणीही ढवळतं, म्हणजे स्नॉर्केलिंगला तेच दिवस वाईट. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्या समुद्रात वादळांचा काळ. जहाजं रद्द झाली की तुमच्या भरती-ओहोटीच्या गणिताचं काय करायचं? बजेटचाच प्रश्न असेल तर ट्रिप जानेवारीच्या मध्यावर न्या. समुद्र शांत, नाताळची गर्दी ओसरलेली.

ओहोटी_बघून_या
शाळा असलेल्या पोरांना जानेवारीत कोण सुट्टी देणार? वादळाची धास्ती खरी, म्हणून तर परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. त्याच दिवशी सकाळच्या जहाजाने येऊन दुपारचं विमान पकडायचं, हे दिवाळीत करू नये. आणि ओढीची भीती असेल तर अमावस्येनंतर तीन-चार दिवसांनी स्नॉर्केलिंग ठेवा, पूल आधी.

सहकारनगरच्या_काकू
साऱ्या चर्चेत ज्येष्ठांना नुसतं सावलीत बसवून ठेवलंय. पोर्ट ब्लेअरमध्ये थोड्या पैशांत दीड दिवस भरगच्च जातो. सेल्युलर जेल आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, सातपैकी तीनच विंग उरल्यात, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि जिने उभे आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी आधी खालचं अंगण आणि संग्रहालय बघावं. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची भाषा तिकीट काढतानाच बघा. १८८३ सालची चॅथमची लाकूड गिरणी बघायला किरकोळ तिकीट आहे. पूर्वीच्या रॉस बेटावर, आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, चालवत नसेल तर बॅटरीची गाडी मिळते.

स्नॉर्केलिंगला मास्क भाड्याचा नको, बरा सेट हजार-दीड हजारात पुण्यात मिळतो आणि दोघांत एक पुरतो. दुकानातच तपासायचा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला पाहिजे. मिशीवाल्यांचा मास्क हमखास गळतो. नाकाखालची बोटभर पट्टी तरी काढा, नाहीतर खारं पाणी नाकात घेत बसा. काच धुकट होऊ नये म्हणून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून हलकं धुवायचं. सोसायटीच्या तलावात दोन रविवार तोंडाने श्वास घ्यायचा सराव झाला की निम्मी भीती जाते. तेवढा अंगात फुल बाह्यांचा टीशर्ट घाला, पाठीवर सगळ्यात जास्त ऊन लागतं.

पोरांचे खिसे परतताना तपासा. प्रवाळ उचलून आणायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, विमानतळावर सामान उघडतात.

हिशोबी_कोथरूड
काकूंचे मुद्दे हिशोबात घेतले. पेठेतल्या पाहुण्यांना एक सांगतो: स्कुबा थेट सेंटरला आधी सांगायचा, हे मला मान्य आहे, कारण त्यात एजंटचा वाटा नाही. पण एलिफंट बीचची बोट आणि काचेची बोट आदल्या संध्याकाळी तिथेच ठरवा. समुद्र कसा आहे ते तेव्हाच कळतं. आधी भरलेले पैसे लाटा आल्या की ‘पर्यायी अ‍ॅक्टिव्हिटी’त वळतात, हातात परत येत नाहीत.

पेठेतला_पाहुणा
आदल्या संध्याकाळी ठरवा, पण १४ जणांतून एकानेच. आणि तुम्ही काँट्री यूपीआयवर गोळा करणार असाल तर थोडी रोख जवळ ठेवा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेट सुधारलंय, तरी जेटीवर आणि बीचवर ऐन वेळी अडतं. बोटवाला चौदा जणांचं ‘पेमेंट प्रोसेसिंग’ संपेपर्यंत थांबत नाही. जहाजाची तिकिटं कधी काढताय ते सांगा. विमानाआधी की नंतर?

हिशोबी_कोथरूड
आधी जहाजात १४ जागा आहेत का ते बघायचं, मग विमान, आणि त्याच दिवशी जहाज. सरकारी बोट स्वस्त आणि डेकवर उभं राहता येतं, पण तिच्यात चौदा जागा एकत्र मिळणं कठीण. नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून काही ठिकाणी श्री विजयपुरम म्हणून दिसेल, विमानतळाचा कोड मात्र आयएक्सझेडच.