टेस्टिंग मेन्यूचं जेवण: जाऊन आलेल्यांनो, लिहा

पऱ्हाटी
परवा रोडग्यांच्या (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) पंगतीत मुंबईतलं टेस्टिंग मेन्यूचं जेवण आठवलं. आता आपल्या गावांकडचेही बरेच जण जातात, म्हणून हा धागा. मेन्यू त्यांनीच ठरवलेला असतो. आठ-दहा छोट्या डिश एकामागून एक येतात, अडीच-तीन तास सहज जातात. दोघं जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी दोघांनाही तोच घ्यावा लागतो, कारण एका टेबलाचा प्रत्येक कोर्स, म्हणजे जेवणातली एकेक डिश, आत स्वयंपाकघरात एकदमच लागतो. पैसे बरेचदा बुकिंगलाच भरावे लागतात. रद्द करायची मुदत आधी वाचा.

धुऱ्यावरून
शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. भाजीच्या सॉसमध्ये हाडांचा स्टॉक (उकळून काढलेला रस) असू शकतो, गोडाच्या जेलीत जिलेटिन, तेही जनावरांपासूनचंच. हे आधीच करून ठेवलेलं असतं, ऐन वेळी काढून टाकता येत नाही. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, शेंगदाणा सोसतो का, एकेक वेगळं लिहा.

खडीसाखर
आणि एकादशी पाहून तारीख घ्या, सोबतच्या मैत्रिणीलाही विचारून.

तुरीचं वरण
भाऊ, खर्रा दुपारपासूनच बंद ठेवा! सुपारीनं जीभ आवळते, तंबाखूनं बधिर होते. सुरवातीचे कोर्स हलके, आंबट-खारट असतात, तेच कळत नाहीत. दोस्तालेही सांगा. अन् ब्रेड आला तं त्याच्यावरच पोट भरू नका, जड कोर्स मांगून येते.

पायथ्याचं गाव
मध्येच आंबट सरबताचा बर्फाळ गोळा येतो, तो जीभ साफ करायला. लगेच खा. काटे-चमचे बाहेरून आत वापरत जायचं. चुकलं तरी पुढच्या कोर्सला हवा तो चमचा आणून ठेवतात, काळजी नको. हातानं खायचा घास असला तर वाढणारे तसं सांगतात.

पऱ्हाटी
परतीच्या गाडीचं काय करता?

धुऱ्यावरून
त्याच संध्याकाळच्या विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट अजिबात काढू नका. मुक्काम धरूनच खर्च मोजा.

हिशोबवही
मेन्यूवरच्या दरात कर बहुधा धरलेला नसतो. जीएसटी साधारण ५ टक्के. रेस्टॉरंट मोठ्या हॉटेलात असेल, जिथं खोलीचं भाडं ७५०० च्या वर जातं, तर १८. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ती २०२५ मध्ये कायम ठेवली. बिलात दिसला तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि वाइन पेअरिंगचे, म्हणजे कोर्सला जुळणाऱ्या वाइनचे, पैसे वेगळे असतात, दोघांचे मिळून आकडा बराच फुगतो. बिनदारूचं पेअरिंगही मिळतं, तेही फुकट नसतं.

खडीसाखर
पऱ्हाटी, रोडग्यांचं निघालंच आहे तर एक सांगा. आमचे बाहेरून करपतात आणि आत कच्चे. काय चुकतं?

पऱ्हाटी
जाळ असतानाच टाकत असाल. गोवऱ्या पूर्ण पेटून लाल झाल्या, वर पांढरी राख धरली, धूर थांबला की मगच टाका. पीठ जाडसर दळलेलं, तेलाचं मोहन, घट्ट मळलेलं. पोळी लाटून तेल लावायचं, घड्या घालून गोळा वळायचा. गोळा लिंबापेक्षा फार मोठा नको.

तुरीचं वरण
अन् पलटत राहा. तडकला म्हंजे झाला. फडक्यानं राख झटकून फोडा अन् गरम असतानाच तूप सोडा, थंडा झाला का पेत नाही.

खडीसाखर
रविवारी करते. वांग्याच्या भाजीत आलू घालता का तुम्ही?