पुळण खचतेय: धूपप्रतिबंधक बंधारा मागावा की आणखी काही?

किनाराकाठी
आमच्या ग्रामपंचायत हद्दीत साधारण ४०० मीटर पुळण (वाळूचा किनारा) आहे. यंदाच्या पावसाळ्यात सुरूच्या बनाची समुद्राकडची रांग आडवी झाली. उधाणाला पाणी नारळाच्या बागेच्या कुंपणाला लागतं. ग्रामसभेत एकच मागणी, बंधारा हवा. ठराव कुणाकडे पाठवायचा, सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी पंचायतीनं काढायची की खात्यानं, आणि तोवर पंचायतीच्या हातात काय आहे? जाणकारांनी नेमकं सांगावं.

खाडीमुख
आधी एक प्रश्न: पुळण खचली हे कुठल्या महिन्यात पाहिलंत? कोकणात जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती हळूहळू परत येते. ऑगस्टचा फोटो दाखवला तर प्रत्येक किनारा बुडालेला दिसतो. त्यामुळे तुलना त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा. मेचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरअखेर, असे वर्षातून दोन वेळा मोजलेत तरी पुष्कळ.

मोजायचं कसं? शाळेचा कोपरा, विहिरीचा कट्टा अशा न हलणाऱ्या चार-पाच खुणा धरा. प्रत्येक खुणेपासून टेपनं दोन अंतरं घ्या: वनस्पती संपते तिथपर्यंतचं आणि भरतीचा कचरा अडकतो त्या रेषेपर्यंतचं. मोबाइलचं जीपीएस इथे कामाचं नाही, त्याचीच चूक चार-पाच मीटरची असते. दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येचा घ्या. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेब कोकणात चालतो: पंधराव्या तिथीला भरती सव्वाअकराच्या पुढेमागे आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी पाचनंतर पुळण पूर्ण उघडी मिळते.

दुसरं, वाळू जाते कुठे ते बघा. जवळ खाडीचं मुख आहे का, तिथून वाळू उपसा चालतो का, शेजारच्या गावात नवी जेटी किंवा बंधारा झालाय का? किनाऱ्याने सरकणारी वाळू वरच्या अंगाला अडली की खालच्या गावाची पुळण उपाशी राहते. कारण खाडीतला उपसा असेल तर ४०० मीटर दगड टाकूनही पुळण परत येणार नाही. वाळू धोरण सारखं बदलतं, तेव्हा चालू नियम तहसील कार्यालयातून घ्या आणि उपशावरची हरकत ग्रामसभेच्या ठरावातच नोंदवा.

काळा_पत्थर
बंधाऱ्याचं सांगतो. ठराव पतन विभाग किंवा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. खाडीकाठची भातजमीन खारी होत असेल तर खातं वेगळं, खारभूमी विकास विभाग. सीआरझेडचा अर्ज बांधणारं खातं करतं, पंचायत नाही. तो महाराष्ट्र किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो आणि सोबत अधिकृत संस्थेनं केलेला १:४००० प्रमाणाचा नकाशा लागतो. २०१९ च्या अधिसूचनेत धूप रोखण्याची कामं परवानगीयोग्य आहेत, पण वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेड १ अ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात येतात. तुमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालत असतील तर ते लपवू नका, नंतर फाइल तिथेच अडते.

अंदाजपत्रक हाती आलं की तीन गोष्टी तपासा.

दगडाचं वजन. भरतीला बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडीच मीटर पाणी असेल तर सुमारे दोन मीटरची लाट तिथे फुटू शकते. हडसनच्या सूत्रानं (लाटेच्या उंचीवरून दगडाचं वजन काढायची रीत) १:२ उतारावर वरच्या थराचा दगड सुमारे १.३ टनाचा येतो. उतार १:१.५ केला तर पावणेदोन टनाच्या वर. वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणून दीड मीटर लाट धरून काढलेला अर्ध्या टनाचा दगड पहिल्याच उधाणात गडगडतो. दगड काळाच हवा. जांभा हलका आणि झिजणारा, समुद्रात त्याचं काम नाही.

गाळणथर. मोठ्या दगडाखाली त्याच्या सुमारे एक दशांश वजनाचे दगड, त्याखाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड. हे नसलं की लाट परतताना फटींतून वाळू खेचून नेते आणि बंधारा न फुटताच खाली बसतो. लोक म्हणतात समुद्रानं दगड गिळले. गिळले नाहीत, खालची वाळू गेली.

पायथा आणि टोकं. पायथा पावसाळ्यातल्या सर्वांत खालच्या वाळूपातळीच्या खाली गेला पाहिजे, मे महिन्याच्या पातळीच्या नव्हे. आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. टोक जमिनीत आत वळवलं नाही तर पाणी मागून शिरतं. शेजारच्या वाडीशी आधी बोला, कारण पुढच्या वर्षी ठराव त्यांचा असेल.

हे सगळं नीट केलं तरी बंधारा मागची जमीन वाचवतो, पुढची पुळण नाही. लाट दगडावर आपटून परतते आणि पुढची वाळू खाली जाते. होड्या ओढायला आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लावायला जागा लागत असेल तर हे ग्रामसभेत आधी मोकळेपणानं सांगा.

किनाराकाठी
आभार. पडलेल्या रांगेच्या जागी पुन्हा सुरूच लावावी असं काही जण म्हणतात. रोजगार हमीतून होईल का?

मर्यादवेल
किनारपट्टीवरची वृक्षलागवड रोहयोत बसते. पण पहिल्या रांगेत सुरू नको. दाट सावली आणि सुयांचा थर यांमुळे खाली काही उगवत नाही. वाळू धरून ठेवणारी वेल नसली की लाट थेट मुळांखालून कोरते आणि झाड मुळासकट जातं. कासवंही अशा सावलीत चढत नाहीत.

समुद्राकडे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा (वाळूत पसरणारं टोकदार गवत), मागे निर्गुडी, केवडा, मग उंडी. सुरू हवीच तर सगळ्यात मागे. मर्यादवेलीचे हातभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे, दोन तृतीयांश वाळूत गाडून, पाऊस लागला की लावायचे. दोन तुकड्यांत पाऊण मीटर अंतर पुरे.

नोव्हेंबर ते मे कोरडी वाळू दुपारच्या वाऱ्यानं आत उडते, ती अडवा. उधाणरेषेच्या वर बांबू रोवून झावळ्यांचा विरळ कूड (आडोसा) करा, मीटरभर उंच, जवळपास अर्धा मोकळा. गच्च कूड केला तर वारा वरून उसळतो आणि बुडखा उघडा पडतो. सलग भिंत नको, तीन-तीन मीटरचे तुकडे आणि मध्ये वाट, म्हणजे कासवांना अडथळा होत नाही. बांधायला काथ्या, नायलॉन नाही. अर्धा बुजला की त्यावर दुसरा.

गाड्या पुळणीवर उतरणं मात्र आधी बंद करा, नाहीतर वेल जगत नाही. पावसाळी वहाळ (ओढा) वाळूची टेकडी फोडून निघत असेल तर त्याचं तोंड एकाच ठिकाणी ठेवा, दरवर्षी जेसीबीनं नवी वाट काढू नका.

काळा_पत्थर
सहमत, एक पुरवणी. घरं उधाणरेषेपासून दहा-पंधरा मीटरवर असतील तर वेल वाढेपर्यंत थांबता येत नाही, तिथे तेवढ्याच पट्ट्यात दगड किंवा जिओट्यूब मागा. जिओट्यूब म्हणजे वाळू भरलेली कापडी नळी. ती उन्हानं कुजते आणि नांगराच्या एका ओरखड्यानं फाटते, म्हणून वर आवरण आणि दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात लिहून घ्या. पैशासाठी जिल्हा नियोजन समितीबरोबर आपत्ती सौम्यीकरण निधीचंही विचारा. १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी राष्ट्रीय निधीत धूप रोखण्याकरता १५०० कोटी सुचवले होते, तेव्हा आता पुढच्या कालावधीची तरतूद काय आहे हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारावं लागेल. आणि वर सांगितलेली मोजमापं प्रस्तावाला जोडा, नुसते फोटो नकोत.