फोक्सवॅगन: गाडी दणकट, पण कंपनीच्या शब्दाचं काय?

माळरान
गाड्यांच्या गप्पा निघाल्या की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, "जर्मन गाडी आहे, डोळे झाकून घे." फोक्सवॅगनबद्दल तर फारच. पोलोचं दार लावताना येणारा तो भरीव आवाज ऐकला की माणूस पुढे काही विचारतच नाही. गाडी चांगली आहे याबद्दल माझा वाद नाही. माझा वाद 'डोळे झाकून' याच्याशी आहे. या कंपनीच्या नावावर साध्या गिऱ्हाइकाची दोनदा फसवणूक झाली, आणि दोन्ही वेळा भरपाई निघाली ती कायद्याने मानगूट धरल्यावर.

पहिली वेळ 1938 ची. कामगाराला परवडेल अशी गाडी द्यायची, असं हिटलरने जाहीर केलं. किंमत 990 राइशमार्क, आराखडा फर्डिनांड पोर्शेचा. कारखान्यासाठी पैसा दिला जर्मन लेबर फ्रंट या नाझी संघटनेने; 1933 मध्ये मोडून काढलेल्या कामगार संघटनांची जप्त मालमत्ता याच संस्थेच्या हाती आली होती. गाडी मिळणार होती ती आधी पैसे भरून. दर आठवड्याला 5 मार्कांचं तिकीट विकत घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, कार्ड भरलं की पुढचं सुरू करायचं. व्याज नाही. सुमारे 3,36,000 लोक असे पैसे भरत राहिले. त्यांच्यापैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध लागलं आणि कारखान्यातून लष्कराच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. युद्धानंतर ही माणसं कोर्टात गेली. निकाल लागता लागता 1961 उजाडलं, आणि हाती काय आलं? नव्या गाडीवर 600 मार्कांपर्यंत सूट, नाहीतर 100 मार्क रोख.

दुसरी वेळ सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबर 2015. 'स्वच्छ डिझेल' म्हणून विकलेल्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरकप्पा निघाला. स्टिअरिंग हलत नाही, चाकं मात्र फिरताहेत, वेग चाचणीच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे बदलतोय, अशा खुणांवरून गाडी ओळखायची की आपली तपासणी चालू आहे. तेवढ्यापुरता धूर आवरायचा. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड काही वेळा मर्यादेच्या 40 पटींपर्यंत. जगभरात अशा 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. एखाद्याच्या हातून झालेली ही चूक नाही. कोणीतरी बसून लिहिलेला, तपासलेला, वर्षानुवर्षं गाड्यांत भरलेला प्रोग्राम आहे हा.

म्हणून म्हणतो, यंत्राला मार्क द्या, कंपनीला डोळे झाकून देऊ नका.

पाचवा गिअर
माळरान, दुसऱ्या मुद्द्यावर दुमत नाही. पहिल्यावर मात्र तुम्ही कंपनीवर अन्याय करताय.

तिकिटांची योजना लेबर फ्रंटची होती. पैसे जमा होत होते बर्लिनमधल्या त्यांच्या बँकेत, आणि बर्लिन पडल्यावर ते गेले रशियनांच्या ताब्यात. कारखान्याच्या तिजोरीत ते आलेच नाहीत. जे पैसे मिळाले नाहीत त्यांची सूट नंतरच्या कंपनीने स्वतःच्या खिशातून दिली, हेही लिहा की.

आज आपण जिला फोक्सवॅगन म्हणतो ती माझ्या मते 1945 मध्ये जन्मली. बाँबनी पोखरलेला कारखाना ब्रिटिश लष्कराच्या हाती आला आणि आयव्हन हर्स्ट नावाच्या मेजरने तिथे पुन्हा गाड्या बनवायला घेतल्या. ब्रिटिशांनी 20,000 गाड्यांची ऑर्डर दिली, 27 डिसेंबर 1945 ला उत्पादन सुरू झालं. त्याच सुमारास खुद्द ब्रिटिश मोटार कंपन्यांनी या गाडीकडे, म्हणजे पुढे जी बीटल म्हणून गाजली तिच्याकडे, बघून नाक मुरडलं होतं. 1948 मध्ये हाइन्झ नॉर्डहॉफ आले आणि त्यांनी एकच मॉडेल हट्टाने सुधारत नेलं. 1955 मध्ये दहा लाखावी गाडी. 17 फेब्रुवारी 1972 ला 1,50,07,034 वी, म्हणजे फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. मेक्सिकोतल्या पुएब्लाला 2003 मध्ये शेवटची बीटल बाहेर पडली तेव्हा आकडा 2,15,29,464 होता. इतकी वर्षं, इतक्या देशांत, इतक्या लोकांनी जी गाडी घेतली ती काय सगळे भुलले म्हणून? मागे एअर-कूल्ड इंजिन, रेडिएटर नाही म्हणजे पाणी उकळायची भानगड नाही, गावातल्या मेकॅनिकलाही उघडता येईल अशी रचना. हे नाव कष्टाने कमावलेलं आहे.

माळरान
गिअरभाऊ, बँकेचा मुद्दा मान्य. पैसे कारखान्याकडे गेले नव्हते. पण 1945 मध्ये पाटी कोरी झाली हे मला पटत नाही. युद्धकाळात त्या कारखान्याचा कारभार पाहत होते पोर्शेचे जावई आंटोन पीएख. त्यांचा मुलगा फर्डिनांड पीएख 1993 ते 2002 कंपनीचा प्रमुख होता, आणि पुढे एप्रिल 2015 पर्यंत देखरेख मंडळाचा अध्यक्ष. आजही मतांचं बहुमत पोर्शे-पीएख घराण्याच्या हाती आहे. वारसा घ्यायचा तर जमाखर्च दोन्ही घ्यावं लागतं.

नीरजा (ब्राउनश्वाइग)
फोक्सवॅगनचा हा कारखाना ज्या वोल्फ्सबुर्ग शहरात आहे, त्याच्या जवळच मी राहते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दोघांच्याही बोलण्यात सगळ्यात जड गोष्ट राहून गेली आहे.

युद्धाच्या वर्षांत या कारखान्यात सुमारे 20,000 माणसं वेठबिगार म्हणून राबवली गेली. पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, इटालियन सैनिक, छळछावण्यांतून आणलेले ज्यू कैदी. आउशवित्झहून आणलेल्या हंगेरियन ज्यू स्त्रियाही होत्या. शेवटच्या वर्षांत कामगारांमध्ये निम्म्याहून जास्त हेच लोक होते. वेठबिगार बायकांपैकी ज्या पोलंडच्या आणि सोव्हिएत प्रदेशातल्या होत्या, त्यांची तान्ही मुलं त्यांच्यापासून काढून घेतली जात. र्‍यूएन नावाच्या गावी बराकींमध्ये ती ठेवली जात आणि तिथे घाण, जुलाब, उपासमार यांनी मरत. साडेतीनशेच्या आसपास बाळं गेली. कारखान्याचा डॉक्टर हान्स कोर्बेल याला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्यासाठी फाशीची शिक्षा दिली, आणि 1947 मध्ये ती अमलात आली.

त्यामुळे 990 मार्कांची गाडी न मिळणं ही माझ्या मनात या इतिहासातली सगळ्यात छोटी तक्रार आहे.

आता दुसरी बाजू. 1986 मध्ये कंपनीने हान्स मोमसेन या इतिहासकाराकडे या काळाचं संशोधन सोपवलं. काम दहा वर्षं चाललं आणि ते हजार पानांच्या वर भरलं. कंपनीला सोयीचं असं त्यात फारसं काही नव्हतं, तरी ते छापलं गेलं. 1998 मध्ये पूर्वीच्या वेठबिगारांसाठी 2 कोटी मार्कांचा निधी उभा राहिला, आणि 1999 पासून कारखान्याच्या आवारातल्या जुन्या हवाई हल्ला बंकरमध्ये कायमचं स्मृतिप्रदर्शन आहे. उशीर झाला, भयंकर उशीर झाला. अनेक बळी तोवर हयातही नव्हते. पण आपल्या घराचं तळघर स्वतः उघडून दाखवणारी कंपनी मी तरी फार पाहिलेली नाही. पैसा सगळेच शेवटी देतात. कागद उघडणं जास्त अवघड असतं, आणि त्याचं श्रेय मी देणार.

माळरान
नीरजाताई, र्‍यूएनबद्दल मला माहीत नव्हतं. वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

श्रेय द्यायला माझी हरकत नाही. फक्त एक बघा, 1998 च्या निधीच्या आधी जुन्या कामगारांचे दावे कोर्टाच्या दारात पोचले होते. आणि ब्राझीलमधल्या लष्करी राजवटीला तिथल्या फोक्सवॅगनने स्वतःच्या कामगारांची माहिती पुरवल्याचं प्रकरण? त्याची तडजोड झाली 2020 मध्ये, 3 कोटी 60 लाख रियालवर, तीही सरकारी वकिलांच्या चौकशीनंतर. आधी कोणीतरी दार ठोठावतं, मगच ते उघडतं.

चाकणचा सुहास
मी चाकणला एका सप्लायर कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

31 मार्च 2009 ला इथे प्लांटचं उद्घाटन झालं. त्याआधी चाकण म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आठवायचा. पोलो लाइनवर आली तशी आजूबाजूच्या किती वर्कशॉपना काम मिळालं आणि किती पोरांना मापात काम करायची सवय लागली, हे बाहेरून कळणार नाही. आमचा नग हातात घेऊन समोरचा माणूस आधी बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळं, पाहतो, मग कडेवर नख फिरवतो, मग मापाचं गेज लावतो. नग मापात बसला आणि कडेला नख अडकलं, तरी पूर्ण लॉट परत. वाद घालून उपयोग नसतो. पहिल्यांदा राग येतो, पुढे पुढे आपणच तसं बघायला लागतो.

फोक्सवॅगनचं नाव या लोकांमुळे आहे. धुराचं सॉफ्टवेअर यांच्यापैकी कोणी लिहिलं नाही. वरच्या चार मजल्यांवरच्या लोकांनी केलेल्या पापाचे डाग खालच्या लाइनवरच्या माणसाच्या कामावर का पडावेत? आणि मजबुतीचं म्हणाल तर गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतात बनलेल्या पोलोला 2014 मध्ये चार तारे मिळाले. त्या वर्षी चाचणीला गेलेल्या इतर छोट्या गाड्यांचं काय झालं ते आठवा.

शाल्मली
सुहासदादा, त्याच चाचणीची अर्धी गोष्ट राहिली. चार तारे मिळाले ते दोन एअरबॅग असलेल्या पोलोला. एअरबॅग नसलेली पोलो त्याच वेळी तपासली गेली आणि तिला शून्य मिळालं. त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो भारतातून काढून घेतली. चांगलंच केलं. पण शून्यवाली गाडी तोवर इथे विकली जात होती, आणि एअरबॅगशिवाय काय होतं हे कंपनीला बाहेरच्या कोणी गाडी आपटून दाखवायची गरज नव्हती.

धुराच्या बाबतीतही तेच. अमेरिकेत गाडी परत घेतली, वर भरपाई दिली; जून 2016 चा पहिला मोठा समझोताच 14.7 अब्ज डॉलरचा. जर्मनीत 2020 मध्ये गिऱ्हाइकांना गाडीमागे 1,350 ते 6,257 युरो मिळाले. भारतात काय? पुण्यातल्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने रस्त्यावर गाड्या तपासल्या, धूर बीएस-4 या प्रदूषण नियमांतल्या मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट निघाला. 3,23,700 गाड्या परत बोलावायचं ठरलं आणि मालकांच्या वाट्याला आलं सॉफ्टवेअर अपडेट. भारतात कुठलाही नियम मोडलेला नाही, ही कंपनीची भूमिका. हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला, तर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि वसुलीला स्थगिती मिळाली. न्यायालयात जाणं हा तिचा हक्क आहे. पण ओहायोतल्या माणसाची फुप्फुसं आणि पिंपरीतल्या माणसाची फुप्फुसं यांत फरक काय, एवढं मला कोणीतरी सांगावं.

पाचवा गिअर
शाल्मली, फुप्फुसांत फरक नाही, कायद्यात आहे. अमेरिकेच्या कायद्यात अशा चोरकप्प्यावर स्पष्ट बंदी आहे आणि तिथली यंत्रणा दंड वसूल करते. आपल्या नियमांत फटी होत्या. फटीतून जो जातो त्याला दोष द्याच, पण फट ठेवणाऱ्याला का सोडता?

आणि पकडली गेली ती एकटी फोक्सवॅगन नाही. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरने 2020 मध्ये अमेरिकेत डिझेलसाठीच अब्जावधी डॉलर भरले. फियाट-क्रायस्लरच्या अमेरिकी कंपनीने 2022 मध्ये गुन्हा कबूल केला. ज्या जपानी सचोटीचे आपण गोडवे गातो त्या टोयोटाच्या घरातली डायहात्सू सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं लबाडी करत होती, हे 2023 मध्ये बाहेर आलं आणि तिला सगळ्या गाड्या पाठवणं थांबवावं लागलं. चारित्र्य बघून गाडी घ्यायची ठरवली तर शोरूममधून रिकाम्या हाताने परत यावं लागेल. मी तरी बॉडी, ब्रेक आणि सर्व्हिस बघूनच घेईन.

नीरजा (ब्राउनश्वाइग)
गिअर, बाकीचेही तसेच, हा युक्तिवाद मला चालत नाही. डिझेल प्रकरणात इथल्या ब्राउनश्वाइगच्या कोर्टात मे 2025 मध्ये चार जण दोषी ठरले, दोघांना तुरुंगवास झाला. घोटाळा फुटून दहा वर्षं होत आली होती तेव्हा. वोल्फ्सबुर्गमधल्या ज्या कामगारांचा यात काडीचा हात नव्हता त्यांनी मधली सगळी वर्षं बोनसची, नोकरीची काळजी केली. दंडाचे पैसे शेवटी त्यांनीच मिळवलेल्या नफ्यातून गेले. सुहास यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: डाग पडतातच, म्हणून वरच्यांना जाब विचारणं खालच्यांच्याच हिताचं आहे.

आणि हा सगळा प्रकार ज्यांनी उघडकीस आणला ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातलं छोटं पथक होतं. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे आपल्याकडचे दोघे होते. गाडीच्या मागे मोजणीची यंत्रं बसवायची आणि खऱ्या रस्त्यावर शेकडो मैल चालवायची, इतकंच त्यांनी केलं.

चाकणचा सुहास
नीरजाताई, पटलं. वरच्या लोकांना मी पाठीशी घालत नाही, फक्त त्यांच्यासोबत लाइनवरच्या माणसाला तोलू नका, एवढंच.

ती रस्त्यावरची मोजणी आता आपल्याकडेही आली आहे. एप्रिल 2023 पासून बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीला मोजणीचं यंत्र बांधून खऱ्या रहदारीत तपासावं लागतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या रोलरवर एक आणि घाटात दुसरंच, हे करणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

माळरान
सुहास, ही माहिती कामाची आहे. मग माझी मागणी एवढीच: शोरूममध्ये किंमत आणि मायलेज लिहितात त्याच कागदावर प्रत्येक मॉडेलचा रस्त्यावरचा धुराचा आकडाही छापा. फोक्सवॅगनच्या, टाटाच्या, मारुतीच्या, सगळ्यांच्या.

पाचवा गिअर
याला माझा पाठिंबा. पण तो आकडा फोक्सवॅगनचा चांगला निघाला, तर "डोळे उघडे ठेवून घ्या" असं इथे तुम्ही स्वतः लिहायचं.

माळरान
लिहीन. नावानिशी.